चार बोटांचा प्ले

आमच्या जीपचं स्टिअरिंग सरळ धरलं तर जीप सरळ जायची नाही. लहानपणी यात मला काहीच वावगं वाटलं नाही. अण्णा गाडी चालवायला बसले की त्यांचे दोन्ही हात सारखे हलत असायचे. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आई पिठाची चाळण हलवायची तसे. रस्ता नाकासमोर असला तरीही. गाडी चालवणं म्हणजे हेच, अशी माझी पक्की समजूत होती. ओसरीवर गाडी-गाडी खेळताना मी हातात ताटली धरून ती अशीच हलवत बसायचो. एकदा पाटणहून कराडला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागचं सीट मिळालं. त्या ड्रायव्हरचे हात सरळ रस्त्यावर अगदी स्वस्थ होते. त्याला अजून गाडी नीट येत नसावी, असं मी घरी येऊन सांगितलं होतं म्हणे. आई अजून ते पाहुण्यांना सांगते.

गॅरेजच्या भाषेत याला प्ले म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवायला लागतो तेव्हापासून पुढची चाकं खरोखर हलेपर्यंत स्टिअरिंगची कड जेवढी रिकामी फिरते, तेवढा प्ले. अण्णा तो बोटांनी मोजायचे. मी सातवीत होतो तेव्हा दोन बोटं होता. बारावीला गेलो तेव्हा चार झाला, आणि मग तिथेच थांबला. तो तिथेच का थांबला, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

जीप म्हणजे सीजे ३बी. विलिसने हे मॉडेल १९५३ साली अमेरिकेत काढलं. आधीच्या जीपपेक्षा हिचं हरिकेन इंजिन उंच होतं. ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं आणि सगळी गाडीच मान ताठ केल्यासारखी दिसायला लागली. अमेरिकेत १९६८ साली ती बंद झाली. १९४७ पासून आपल्याकडे विलिसच्या जीप जुळवणाऱ्या महिंद्राने मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षं चालू ठेवली. त्यामुळे माझ्या वयाच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला जीप म्हटलं की हेच उंच बॉनेट आठवतं. बीडीओंची जीप, पाटबंधारेची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप, निवडणुकीत भोंगा लावून धुरळा उडवत जाणारी जीप. आमची अण्णांनी १९८४ साली सरकारी लिलावात घेतली. दोन वर्षांत तिचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलं, कारण वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन जीपमधून माणसं न्यायच्या धंद्यात पेट्रोल परवडत नव्हतं. हेळवाक ते चिपळूण, कुंभार्ली घाटाने खाली आणि वर, दिवसाला दोन खेपा. किती माणसं बसायची ते विचारू नका. काही जण बसायचे, बाकीचे धरायचे.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, नंबरात व्हीए अशी अक्षरं मिळतात. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि आमची तर काळीज बदललेली. तेव्हा ही गोष्ट प्रदर्शनात मांडायच्या गाडीची नाही. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या, अशा गाडीची आहे. अण्णांनी पंच्याहत्तरी गाठल्यावर चालवणं सोडलं. मी पुण्याहून दर शनिवारी जायचो, तिच्याकडे बघायचो आणि रविवारी परत यायचो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एकदाचं काम काढलं. फ्लोअरचा पत्रा, ब्रेक, वायरिंग, हुड, रंग या सगळ्यात वर्ष गेलं, पण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. पैसे मोजले की होणारी कामं होती ती. स्टिअरिंगची गोष्ट वेगळी.

प्ले शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त माणसं दोन लागतात. लेक ड्रायव्हरच्या जागी बसली. तिने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी करत राहायचं आणि मी खाली उताणा पडून बॅटरीच्या उजेडात बघायचं की हालचाल कुठपर्यंत येते आणि कुठे मरते. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत सांधेच सांधे. प्रत्येक सांध्यात केसभर फट असली तरी ती सगळी मिळून वर हातात येते. जीपमध्ये तर स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला ड्रॉप आर्म नावाचा दांडा पुढे ड्रॅग लिंक ही दांडी ढकलतो, ती लिंक फ्रेमच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेल क्रँकला, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या तरफेला, फिरवते, आणि बेल क्रँकपासून टाय रॉड नावाच्या दोन दांड्या दोन चाकांकडे जातात. बेल क्रँक आपल्या खुंटीवर डुलत होता, हे तर दिसतच होतं. पण खरी गंमत अलीकडे होती. वर लेकीचा हात फिरत होता, शाफ्ट फिरल्याचा आवाज येत होता, आणि ड्रॉप आर्म मख्ख. मग उशिरा जाग आल्यासारखा हलायचा.

"बाबा, फिरवू ना?"

"फिरवतेयस की."

"मी कधीची फिरवतेय!"

म्हणजे रोग कॉलममध्ये, स्टिअरिंगचा शाफ्ट ज्या नळीतून खाली जातो तिच्यात, आणि तळाच्या बॉक्समध्येच होता.

सगळ्यात आधी स्टिअरिंग काढलं. त्यावर अण्णांनी हिरव्या-पिवळ्या प्लॅस्टिक वायरची वेणी घातली होती, तशी तेव्हा सगळ्या ट्रक-जीपना असायची. ती कापल्यावर खाली मूळचं काळं रिम निघालं. जागोजाग तडकलेलं, आणि घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या ठिकाणी बोटांनी चक्क खळगे पाडलेले. उजव्या हाताचा खळगा जास्त खोल. डावा हात गिअरवर जात असणार.

मधला नट सैल करताना अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी नट पुरता काढणार तोच ओरडले, "आरं, दोन आटे ऱ्हाऊ देत! तोंडावर घेशील." पुलर, म्हणजे अडकलेला भाग ओढून काढायचं स्क्रूचं हत्यार, लावून दाब दिला की अडकलेलं स्टिअरिंग गोळीसारखं सुटतं, आणि आपण त्याच्यावर वाकलेलो असतो. नट दोन आट्यांवर ठेवला तर तिथे अडतं. दहा मिनिटांनी ते "फट्" करून सुटलं आणि नटावर येऊन आदळलं. अण्णांनी फक्त भुवया उडवल्या.

कॉलमच्या तोंडाशी, स्टिअरिंगच्या अगदी खाली एक छोटं बेअरिंग असतं. बाहेरच्या नळीत आतला शाफ्ट मधोमध राहावा, खडखडू नये, एवढंच त्याचं काम. आमच्या नळीत बेअरिंग नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी काळं, चिवट, गोल गुंडाळलेलं होतं. स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढलं, रॉकेलमध्ये धुतलं. चामड्याची पट्टी. बोटभर रुंद, कडेला अजून शिलाईची भोकं शाबूत.

"चप्पल हाय ती," अण्णा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चप्पलच होती. एका पावसाळ्यात घाटात बेअरिंगचा चुरा होऊन नळीतून खाली सांडला आणि स्टिअरिंग किंचाळायला लागलं. गाडीत चिपळूणला दवाखान्यात न्यायची बाई होती. अण्णांनी पायातल्या कोल्हापुरीचा तळवा कापला, ग्रीसमध्ये बुचकळला आणि नळीत कोंबला. एका पायात चप्पल घालून संध्याकाळी घरी आले. पुढच्या आठवड्यात बेअरिंग आणायचं ठरलं होतं. ही गोष्ट १९८९ची, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं त्या शाफ्टने चप्पल घातली होती. मी ती पट्टी बोटांत फिरवून पाहिली. आतल्या बाजूने काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि खरं सांगायचं तर अजून पाचेक वर्षं सहज चालली असती.

नवं बेअरिंग तीनशे रुपयांच्या आत आलं.

पुढचं काम आडमुठं. या जीपचा स्टिअरिंग शाफ्ट वरपासून खालपर्यंत अखंड आहे, मधे जोड नाही, आणि खालच्या टोकाला त्यालाच धरून बॉक्सच्या आतला पेचदार भाग, कॅम. त्यामुळे नुसता बॉक्स सोडवून चालत नाही. डॅशखालचा क्लॅम्प, तळाचा पत्रा, फ्रेमचे बोल्ट सगळं काढून आख्खा कॉलम बॉक्ससकट खाली ओढून काढावा लागतो. तो बाहेर काढून अंगणात आडवा ठेवला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा सरळसरळ भाला आहे. एक टोक पुढच्या बंपरच्या दिशेने आणि दुसरं बरोबर ड्रायव्हरच्या छातीसमोर. अमेरिकेत १९६७च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने धक्का बसला की आत दुमडणारे कॉलम आणले आणि १९६८पासून तिथे ते कायद्यानेच लागू झालं. घाटात रोज दोनदा अण्णा या भाल्यासमोर बसत होते आणि त्यांच्या मांडीला टेकून मी. असं काही मनात आलं की मी पाना उचलतो.

ड्रॉप आर्म निघता निघेना. तो निमुळत्या दात्यांवर चढवलेला असतो आणि चाळीस वर्षांच्या गंजाने दोघं एकजीव झालेले. गावातल्या वेल्डरने घण उचलला होता, त्याला वेळीच थांबवलं. शाफ्टच्या तोंडावर घण बसला की आटे गेलेच. पुलर ताणून ठेवला, गॅसने आर्म शेकला, आणि रात्री जेवायला बसलो असताना शेडमधून "टण्ण" असा आवाज आला. कुणी हात न लावता सुटला होता.

बॉक्सच्या आत तेलाऐवजी ग्रीस होतं, काळं, गुळाच्या ढेपेसारखं घट्ट. खरं तर या बॉक्समध्ये गिअरचं नव्वद नंबरचं तेल घालायचं असतं. कॅम फिरताना ग्रीस बाजूला सरकतं आणि तिथेच थापलं जातं. तेल मात्र वाहत परत घासणीच्या जागी येतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं ग्रीसने भरलेल्या डब्यात कॅम कोरडाच घासत होता. हे मी अण्णांना जरा शहाणपणानेच ऐकवलं.

"तेल ऱ्हातंय कुठं? बुश गेल्यालं, सील गेल्यालं. सकाळी घातलं की सांच्याला जमिनीवर. ग्रीस निदान ऱ्हातंय तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झाकण उघडताना छर्रे सांडले. कॅमच्या वर आणि खाली एकेक वाटी असते, तीत सुटे छर्रे. मला हे माहीत होतं, खाली परातही धरली होती, तरी सांडलेच. गोळा करून भरायला घेतले तर खालची वाटी पूर्ण आणि वरच्या वाटीत एकाची जागा रिकामी. दोन तास अंगणात लोहचुंबक फिरवलं. दुसऱ्या दिवशी आईला तो केरात सापडला. तिने तो धुऊन, पुसून, हळदी-कुंकवाच्या करंड्यात ठेवला होता, हरवू नये म्हणून.

आता कॅम. हा बॉक्स रॉस पद्धतीचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावी रॉस नावाची गिअर कंपनी होती, तिची ही रचना. कॅम म्हणजे खोल पेच असलेला पोलादी लठ्ठ स्क्रू समजा. त्या पेचात बाजूने दोन निमुळत्या पिना शिरलेल्या असतात. स्टिअरिंग फिरलं की पेच पिनांना वर-खाली ढकलतो. पिना ज्या आडव्या शाफ्टला बसवलेल्या असतात तो सेक्टर शाफ्ट त्यामुळे वळतो, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म. यात एक फार देखणी गोष्ट आहे. पेचाची खाच सगळीकडे सारखी खोल नाही. मधे, म्हणजे चाकं सरळ असताना पिना जिथे असतात तिथे, ती मुद्दाम उथळ ठेवलेली असते. त्यामुळे सरळ रस्त्यावर पिना घट्ट बसतात आणि पूर्ण वळणात थोड्या सैल. वळणात थोडा प्ले असला तर बिघडत नाही, सरळ जाताना असला तर गाडी भटकते. शंभर वर्षांमागे कुणीतरी कागदावर बसून एवढा विचार करून ठेवला होता.

आमच्या कॅमची ती उथळ जागा उरलेलीच नव्हती. मधोमध दोन ठिकाणी चकाकणारे खड्डे, काठावर नख अडकेल एवढे. टोकांना मात्र कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या.

आणि इथे चार बोटांचं कोडं सुटलं. बॉक्सच्या बाजूला एक स्क्रू असतो, वर लॉक नट. तो आवळला की पिना खाचेत आणखी आत दाबल्या जातात आणि प्ले कमी होतो. माझी वर्षानुवर्षं अशी समजूत होती की अण्णांनी हेळसांड केली, अर्ध्या तासाचं काम केलं नाही. पण मधली खाच खोल झाल्यावर स्क्रू मधल्या खाचेच्या मापाने आवळला, तर न झिजलेल्या टोकांना पिना जाम होतात. सरळ रस्त्यावर गाडी छान आणि हेअरपिन वळणात स्टिअरिंग दगड. वळून झाल्यावर ते माघारी यायला तयार नाही आणि समोर दरी.

मी अण्णांना विचारलं, कधी आवळला होता का?

"दोनदा. दुसऱ्यांदा तर तिसऱ्या वळणावर स्टेरिंग फिरलं ते फिरलंच. पायानं ढकलून सरळ केलं. मग तिथंच उतरून ढिला केला." थोडं थांबून म्हणाले, "चार बोटं सांभाळता येत्यात. जाम झाल्यालं सांभाळता येत न्हाय."

सुटे भाग मिळवायची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. फोनवरून एका विक्रेत्याकडे सेक्टर शाफ्टचा नवा कोरा सेट मागवला. ओरिजिनल, एकदम ओरिजिनल, पेटीबंद, वगैरे. पेटी सुंदर होती. माझ्या मित्राने पेटीकडे बघितलंही नाही. त्याने कानस घेतली आणि पिनेच्या कडेवर एकदा ओढली. कडक केलेल्या पोलादावर नवी कानस नुसती घसरते, पकड घेत नाही. इथे कानशीने साबणासारखा कीस काढला. सहा महिन्यांत पिना गेल्या असत्या. विक्रेत्याने माल परत घेतला नाही. तो सेट आता माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

शेवटी कॅम मिळाला पुण्याच्या जुन्या बाजारात. तिथे बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो आणि रविवारी सकाळी लवकर गेलं तर गर्दीच्या आधी लोखंड नीट बघता येतं. एका ताडपत्रीवर पंप, चेनपुल्या, आणि त्यांत बुडाखाली पडलेला जीपचा कॉलम, वरून लालभडक गंजलेला. विकणाऱ्याला तो पाण्याच्या कसल्यातरी यंत्राचा भाग वाटत होता. मी त्याची समजूत मोडली नाही. आत ग्रीस गच्च भरलेलं होतं आणि त्यामुळेच आतला कॅम लोण्यात ठेवल्यासारखा राहिला होता. म्हणजे ग्रीसबद्दल अण्णा अगदीच चूक नव्हते. पिना गेल्या होत्या, शाफ्ट ज्यांत फिरतो ते नळीसारखे बुश गेले होते, पण मधली उथळ जागा बोटाला लागत होती.

पिना आणि बुश करायला कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात अजून असे टर्नर आहेत ज्यांना ड्रॉइंग दाखवलं तर ते बाजूला ठेवतात आणि म्हणतात, जुनं द्या. ज्यांच्याकडे गेलो ते मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी माझा झिजलेला कॅम खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "घाटातली गाडी न्हवं?"

मी म्हटलं, हो, आणि त्याचंच मला कोडं आहे. घाटात सारखी वळणं. मग कॅम टोकांना झिजायला हवा होता, मधेच कसा झिजला?

"वळाय जाताना मधनं जायचं, माघारी येताना बी मधनंच यायचं. आनि पुन्ना दुसऱ्या अंगाला, ते बी मधनंच. टोकाला कोन ऱ्हातंय वो? जाऊन माघारीच यायचं असतंय."

त्यांनी सेक्टर शाफ्टच्या जुन्या पिना दाबून काढल्या, ईएन ३१ पोलादाच्या नव्या घासल्या, भट्टीत कडक केल्या आणि बसवल्या. बुश गनमेटलचे. भोक मापात आणायचा रीमर चालवताना ते दर दोन फेऱ्यांनी शाफ्ट घालून बघत आणि कान लावून ऐकत. "अजून एक थाऊ," स्वतःशीच. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. केस दोन-चार थाऊ जाड असतो. शेवटी शाफ्ट बुशात सोडला तर तो स्वतःच्या वजनाने, अडखळत नाही आणि पडतही नाही असा, हळू खाली उतरला. मिस्त्रींनी चहा सांगितला.

जोडणीला दोन रविवार गेले. आधी कॉलमच्या बुडाचं झाकण आणि बॉक्स यांच्यामधल्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी-जास्त करून शाफ्टचा वर-खाली हलणारा प्ले काढायचा. मग बाजूचा स्क्रू. हा क्रम उलटा केला की काहीच जमत नाही, हे मी उलटा करून पाहिल्यामुळे सांगू शकतो. चाकं सरळ ठेवून स्क्रू इतकाच आवळायचा की मधून जाताना स्टिअरिंगला किंचित, अगदी किंचित अडल्यासारखं व्हावं. बोटांना कळावं, मनगटाला नाही. बेल क्रँकच्या खुंटीला नवी सुईबेअरिंगं घातली, ड्रॅग लिंकच्या वाट्या बदलल्या, सांधे सुटू नयेत म्हणून स्प्लिट पिना ठोकल्या, नव्वद नंबरचं तेल भरलं. सकाळी जमिनीवर पुठ्ठा टाकून ठेवला. संध्याकाळी पुठ्ठा कोरडा. मी तो पुठ्ठा अण्णांना नेऊन दाखवला. त्यांनी उलटा करूनही बघितला.

स्टिअरिंगचा प्ले आता अर्ध्या बोटाहून कमी होता. मी गावाबाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आलो. नव्या गाड्यांची सवय झालेल्या माणसाला जीप जीपच वाटते, खडखडणारी, जड, पण ती सांगितलेल्या दिशेने जात होती. मग अण्णांना म्हटलं, बसा.

ऐंशीला टेकलेला माणूस उजव्या पायाने आत चढला, तेही हुडाच्या दांडीला न धरता. गाडी सुरू केली, पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि जीप नाचायला लागली. शब्दशः. रस्त्याच्या डाव्या कडेला, उजव्या कडेला, पुन्हा डाव्या. मी डॅश धरला. समोरून दुधाची मोटरसायकल येत होती, तिने शेतात उडी घेतली. काय झालंय ते मला क्षणभर कळेना, वाटलं कुठली तरी स्प्लिट पिन विसरलो. मग अण्णांच्या हातांकडे लक्ष गेलं. ते चाळण चाळत होते. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. चार बोटांची ती रिकामी जागा गेली होती आणि हातांना ते कुणी कळवलंच नव्हतं. आता त्यांची प्रत्येक हालचाल थेट चाकांपर्यंत पोचत होती.

त्यांनी ब्रेक मारला. बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत बसले.

"ढिलं करतोस का जरा?"

"नाही अण्णा. तुम्ही हात गच्च धरून ठेवा."

"गच्च धरलं की गाडी चालवतोय असं वाटत न्हाय."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस रोज सकाळी ते सुगी झालेल्या वावरात जीप घेऊन जायचे. आई फोनवर सांगायची, बांधावरून बघणाऱ्यांना वाटतंय म्हातारा आत्ता गाडी शिकतोय. आणि खरंच ते शिकत होते, म्हणजे हातांना थांबायला शिकवत होते. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "चल, घाटमाथ्यापतोर जाऊन येऊ."

कोयनानगर मागे पडलं. अण्णांचे हात स्टिअरिंगवर होते आणि हलत नव्हते. मधूनच उजव्या हाताला जुनी आठवण यायची, बोटं आखडायची, पण तेवढंच. रस्ता सरळ होता आणि गाडी सरळ जात होती. शेजारी बसून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे एका झाडाखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली. वडापच्या दिवसांत ते कायम इथे थांबायचे. तंबाखू मळायला. माणसं कुरकुरायची, कुणाला दवाखाना असायचा, कुणाला कोर्टाची तारीख. लहानपणी मला वाटायचं, अण्णांना तलफ आवरत नाही. नंतर समजलं होतं की चार बोटांचा प्ले असलेल्या गाडीत क्षणभरही हात सोडता येत नाहीत. पुढे घाट आहे, मग त्याआधी थांबणं आलंच.

म्हणून म्हटलं, "अण्णा, आता थांबायची गरज नाही. एका हातानेही चालते गाडी."

त्यांनी खिशातून चंची काढली, तंबाखू तळव्यावर घेतली, चुन्याचं बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आन् मळायची काय एका हातानं?"

गाडी उतारावर होती आणि हँडब्रेकचं काम अजून राहिलं होतं. मी खाली उतरलो आणि सवयीने चाकाला दगड लावला.